कणसाशेजारचा बाळयेशू

१६८० च्या ऑगस्टमध्ये रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातली गावे स्पॅनिश राजवटीविरुद्ध एकदम उठली. हा मुलूख म्हणजे आजच्या अमेरिकेतला न्यू मेक्सिको. मातीची माळवदी घरे बांधून मका पिकवणाऱ्या इथल्या मूळ रहिवाशांना प्वेब्लो म्हणतात. त्यांचा पुढारी होता ओके ओविंगे गावचा पोपे. उठावाचा दिवस कळवायला धावपटू गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन गावोगाव गेले. रोज एक गाठ सोडायची, शेवटची गाठ सुटली की शस्त्र उचलायचे. सुमारे ४०० स्पॅनिश मारले गेले, त्यांत २१ फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते. उरलेले दक्षिणेला एल पासोकडे पळाले. पुढच्या वर्षी स्पॅनिश अधिकाऱ्यांनी पकडलेल्या माणसांच्या जबान्या घेतल्या. त्यांत नोंद आहे की बंडानंतर लोक नद्यांत उतरले आणि युक्काच्या मुळीने अंग घासून त्यांनी आपला बाप्तिस्मा धुऊन टाकला.

त्याच लोकांचे वंशज आज मातीचा बाळयेशू घडवतात.

आपल्याकडे वसईत नि गोव्यात नाताळाला जो गोठा मांडतात, तसाच हा येशूजन्माचा देखावा. न्यू मेक्सिकोत त्याचे स्पॅनिश नाव नासिमिएन्तो. पण प्वेब्लो हातांनी घडवलेल्या देखाव्यात बेथलेहेम शोधून सापडत नाही. मरियेच्या खांद्यावर प्वेब्लो बाईची शाल असते. योसेफाचे केस मागे अंबाडा घालून बांधलेले. बाळ अनेकदा गव्हाणीत नसतेच; या लोकांची तान्ही मुले जशी निजवली जात, तसे फळीच्या पाळण्यात घट्ट गुंडाळून ठेवलेले असते. दूरदेशीचे तीन राजे सोने, ऊद आणि गंधरस आणत नाहीत. कुणाच्या हातात मक्याची कणसे, कुणाच्या हातात मातीच्या घुमटाकार भट्टीत भाजलेला पाव, कुणाजवळ पिरोजाची माळ किंवा नक्षीचा घडा. मेंढपाळ ढोल घेऊन आलेला. मेंढ्या आणि गाढवाच्या रांगेत हरीण, अस्वल आणि बायसनही बसलेले. मागे गोठ्याऐवजी माळवदी घर, त्याला टेकवलेली शिडी.

आसुडासोबत आलेला देव पुढे एखाद्या समाजाचा खराखुरा आपला होऊ शकतो का? आणि झाला, तर तो समाज हरला असे म्हणायचे का? हा प्रश्न पुस्तकी नाही. जगातल्या कितीतरी श्रद्धा कुणाच्या ना कुणाच्या स्वारीमागून चालत आल्या आहेत. प्वेब्लोंच्या या मूर्ती त्या प्रश्नाला उत्तर देतात, आणि ते उत्तर दोन्ही बाजूंच्या ठरीव मतांना मानवणारे नाही. मिशनऱ्यांना वाटे, अखेर सत्याचा विजय झाला. दुसऱ्या टोकाचे अभ्यासक म्हणत, वरचा ख्रिस्ती पोशाख हा निव्वळ बुरखा, आतले सगळे जुनेच. पहिल्या मतात प्वेब्लो माणूस जिंकला गेलेला ठरतो, दुसऱ्यात लबाड. तीन शतके दोन्ही रीतींनी प्रार्थना केलेल्या लोकांना हे दोन्ही मापदंड अन्याय करतात.

या मूर्तींचे उत्तर समजायला आधी काय सोसले गेले ते नीट पाहायला हवे, कारण ते विसरून या मूर्तींचे कौतुक करणे खोटेपणाचे होईल. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते स्पॅनिश वसाहतकरी घेऊन आला. पुढच्याच जानेवारीत त्याच्या सैन्याने ॲकोमा हे उंच कातळमाथ्यावरचे गाव उद्ध्वस्त केले. शेकडो माणसे मारली. पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना एक पाय तोडण्याची आणि वीस वर्षे गुलामीची शिक्षा सुनावली. त्याच ॲकोमात काही दशकांत सान एस्तेबानचे प्रचंड चर्च उभे राहिले. त्याच्या छताच्या तुळया दूरच्या डोंगरातून वाहून आणल्या त्या ॲकोमाच्याच माणसांनी. पुढे तर कीवा या भुयारी प्रार्थनागृहांवर छापे पडले, विधींचे मुखवटे जाळले गेले. १६७५ मध्ये गव्हर्नर त्रेविन्योने ४७ प्वेब्लो धर्मप्रमुखांना जादूटोण्याच्या आरोपाखाली पकडले, चौघांना फाशी सुनावली, बाकीच्यांना फटके मारले. फटके खाल्लेल्यांत पोपे होता. पाच वर्षांनी त्याने दोऱ्यांना गाठी मारल्या.

१६९२ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर दिएगो दे वार्गास चालून आला आणि स्पॅनिश सत्ता पुन्हा बसली. पण बारा वर्षांच्या त्या स्वातंत्र्याने दोन्ही पक्षांना काही शिकवले होते. यापुढे धर्मगुरूंनी डोळे थोडे मिटून घेतले आणि प्वेब्लोंनी कीवाचे दार लावून घेतले. बाप्तिस्मा, लग्न, मिस्सा (सामूहिक उपासना) आणि गावच्या संताचा सण चर्चमध्ये. पावसाचे, पिकाचे, शिकारीचे, पूर्वजांचे विधी कीवात. सांता क्लारा गावात जन्मलेला प्वेब्लो मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड डोझियर याने या रचनेचा बारकाईने अभ्यास केला. त्याचे म्हणणे, हे दोन धर्मांचे मिश्रण नव्हे. एका घरात दोन खण आहेत, आणि माणसे दोन्हींत वावरतात.

डोझियरची मांडणी मोलाची आहे. तरी नाताळाच्या रात्री या दोन खणांमधले दार उघडते, असे म्हणावे लागते.

सान फेलिपे गावात मध्यरात्रीची मिस्सा आटोपली की नर्तक थेट चर्चमध्ये येतात आणि वेदीसमोर, बाळाच्या मूर्तीपुढे नाचतात. इतर गावांत नाताळाच्या दिवसांत चौकात बायसनचे, हरणाचे नाच होतात. काही ठिकाणी स्पॅनिशांकडून आलेला माताचिनेस हा नाच. चौकांत लाकडाच्या उभ्या रचलेल्या शेकोट्या पेटतात, त्यांच्या उजेडात मिरवणूक निघते. हे प्राण्यांचे नाच मुळातच हिवाळ्याचे. शिकारीचा हंगाम, सूर्य दक्षिणेला टेकून परतीला लागण्याचे दिवस, आणि माणसाला आपला देह देणाऱ्या जनावरांचे ऋण मानण्याची वेळ. बाळयेशूचा जन्मदिवस नेमका त्या दिवसांत येऊन बसला. त्यामुळे मातीच्या देखाव्यातला बायसन म्हणजे कलाकाराची हौस नव्हे. शिंगे लावलेला नर्तक त्या रात्री खरोखरच बाळाच्या दर्शनाला आलेला असतो. मूर्ती घडवणारीने लहानपणापासून जे पाहिले, तेच ती मांडते.

संतांच्या सणाला हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. कोचिटी गावाचा संत बोनाव्हेंचर, त्याचा सण १४ जुलैचा. सकाळी मिस्सा होते, मग संताची मूर्ती चर्चमधून चौकात आणतात आणि हिरव्या डहाळ्यांच्या मांडवात बसवतात. दिवसभर तिच्यापुढे मक्याचा नाच चालतो, पावसासाठी. युरोपातून आलेला संत इथे मानाचा पाहुणा आहे, त्याची उठबस चोख होते, पण यजमान कोण याबद्दल कुणाच्या मनात संशय नाही. प्वेब्लोंनी परक्या देवाचे काय केले, याचे सगळ्यात स्पष्ट उत्तर या मांडवात मिळते. त्यांनी त्याला घरात घेतले, आणि घर मात्र सोडले नाही.

आता मातीकडे वळू.

प्वेब्लोंच्या लेखी माती हा निर्जीव माल नाही. ती आई आहे. खणण्याआधी तिला मक्याच्या पिठाची चिमूट वाहतात आणि तिची परवानगी मागतात. कोचिटीची एक कथा रूथ बेनेडिक्ट या अभ्यासिकेने नोंदवली आहे. माती-आजी आणि माती-आजोबा गावात येतात. आजी वळ्यांवर वळ्या रचून घडा करू लागते, आजोबा शेजारी नाचत-गात असतो आणि नाचता नाचता लाथ मारून घडा फोडतो. भांडण होते, समेट होतो, आणि मग त्या ओल्या मातीचा एकेक गोळा गावातल्या प्रत्येकाच्या हाती पडतो. ही विद्या विसरू नका, असे बजावून. म्हणजे मूर्ती घडवणे हे मुळातच वारसा घेण्याचे कर्म आहे. माती चाळणे, तिच्यात ज्वालामुखीची राख किंवा जुन्या खापऱ्यांची पूड मिसळणे, वळ्या रचून आकार देणे, वाळल्यावर घासणे, पांढऱ्या मातीचा पातळ लेप फडक्याने चढवणे, एका रानवनस्पतीचा रस आटवून केलेल्या काळ्या रंगाने नक्षी काढणे, शेवटी उघड्यावर लाकूड आणि शेणाच्या गोवऱ्या रचून भाजणे. भाजताना वारा फिरला तर महिन्याची मेहनत डागाळते किंवा तडकते. अशा मातीत बाळयेशू घडवायचा म्हणजे त्याला या आईच्या पोटी जन्म द्यायचा.

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव कोचिटीच्या हेलन कॉर्डेरो यांचे (१९१५–१९९४). त्या आधी चामड्याचे आणि मण्यांचे काम करत. साहित्याचा खर्च परवडेना, तेव्हा मातीकडे वळल्या, कारण माती विकत घ्यावी लागत नव्हती. घडे वाकडे येऊ लागले म्हणून माणसे घडवू लागल्या. वास्तुरचनाकार आणि संग्राहक अलेक्झांडर गिरार्ड यांनी त्या बाहुल्या पाहिल्या, सगळ्या विकत घेतल्या आणि येशूजन्माचा अडीचशे मूर्तींचा देखावा करायला सांगितले. पुढे त्यांनी मुले अंगाखांद्यावर असलेली एक मोठी बैठी मूर्ती मागितली. १९६४ मध्ये हेलन कॉर्डेरोंनी आपले आजोबा सांतियागो किंताना आठवले. ते गावचे नामवंत कथेकरी. डोळे मिटलेला, गाण्यासाठी तोंड उघडलेला आजोबा आणि अंगावर पाच मुले, अशी मूर्ती झाली. ती 'स्टोरीटेलर' म्हणून जगभर गेली आणि तिच्यामागून अनेक प्वेब्लो गावांतले शेकडो हात मूर्तिकामात उतरले. गिरार्ड यांनी १९७८ मध्ये एक लाखाहून अधिक वस्तूंचा आपला संग्रह सांता फेच्या आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयाला दिला. प्वेब्लोंचे मातीचे देखावे तिथे आज पाहता येतात.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. हे देखावे काही शतकांपूर्वीचे नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, गोऱ्या संग्राहकांच्या आणि दुकानदारांच्या मागणीवरून ते बहरले. नाताळाच्या भेटींचा बाजार मोठा, त्यामुळे पैसेही बरे मिळाले. मग यात श्रद्धा कुठे आणि धंदा कुठे?

धंदा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. १८८० मध्ये रेल्वे आली तेव्हापासून कोचिटी आणि टेसूकीचे लोक प्रवाशांना मातीच्या बाहुल्या विकत आले आहेत. पण मागणीने फक्त निमित्त दिले. बाळाशेजारी कणीस ठेवा असे कुठल्या ग्राहकाने सांगितले नव्हते. शिवाय नाताळाचा आणि मातीच्या लहान मूर्तींचा संबंध बाजारापेक्षा जुना आहे. मानववंशशास्त्रज्ञ एल्सी क्ल्यूज पार्सन्स यांनी १९१९ मध्येच नोंदवले होते की लगूना गावात नाताळाच्या सुमारास लोक मेंढ्या-गुरांच्या छोट्या मातीच्या मूर्ती करून चर्चच्या वेदीवर ठेवतात, येत्या वर्षी गुरेढोरे वाढावीत म्हणून. झूनी गावात हिवाळी संक्रमणाच्या वेळी अशाच मूर्ती घरच्या पूजेत ठेवत. जे वाढावे असे वाटते त्याचा मातीचा आकार करायचा आणि वर्षाच्या वळणावर तो देवापुढे ठेवायचा, ही प्वेब्लो प्रार्थना. बाळयेशूसमोर मातीची मेंढी ठेवणारा लगूनाचा शेतकरी आणि संग्राहकासाठी अडीचशे मूर्ती घडवणाऱ्या हेलन कॉर्डेरो यांच्यात अंतर आहे, पण तुटलेपण नाही.

कणसाचा अर्थही इथेच लागतो. प्वेब्लो गावांत नवजात बाळाजवळ मक्याचे कणीस ठेवतात. काही दिवसांनी, कुठे चौथ्या तर कुठे आठव्या दिवशी, बाळाला पहाटे बाहेर नेऊन उगवत्या सूर्याला दाखवतात आणि नाव देतात. तेव्हापासून ते मूल गावाचे होते. ज्या घरात असे होत आले, त्या घरातली बाई राजाच्या हातात कणीस देते तेव्हा ती ख्रिस्ताला प्वेब्लो मुलाचा जन्मविधी देते, असे या लेखकाला वाटते. सुमारे चारशे वर्षांपूर्वी धर्मगुरूंनी तिच्या पूर्वजांच्या डोक्यावर पाणी ओतून त्यांना आपल्यात ओढले. ती कणीस ठेवून देवाच्या बाळाला आपल्यात घेते, आणि तिथे कुणावर जबरदस्ती नाही.

ख्रिस्ती विचाराच्या कसोटीवरही हे उणे ठरत नाही. देव देहधारी झाला, हा ज्या धर्माचा गाभा, त्याला देहाचे ठिकाण मान्य करावेच लागते: कुठले तरी गाव, कुठली तरी बोली, कुठल्या तरी आईची शाल. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात जिवंत बैल-गाढव आणून जन्माचा देखावा मांडला, तो इटलीतल्या शेतकऱ्यांना ती घटना आपल्या डोळ्यांपुढे दिसावी म्हणून. त्याच फ्रान्सिसचे अनुयायी न्यू मेक्सिकोत मुखवटे जाळत होते, ही इतिहासातली दुःखद गोष्ट. ग्रेच्चोचा खरा अर्थ तिथल्या धर्मगुरूंपेक्षा प्वेब्लो बायकांना जास्त कळला, असा या लेखकाचा निवाडा आहे.

पण यावरून जखम भरली असे कुणी मानू नये. छळ स्पॅनिशांबरोबर संपला नाही. १८८३ पासून अमेरिकी सरकारने मूळ रहिवाशांचे नाच आणि विधी गुन्हे ठरवले. १९२० च्या दशकात आयुक्त चार्ल्स बर्क यांनी नाचांवर निर्बंध घालणारी परिपत्रके काढली. धर्मस्वातंत्र्याचा वेगळा कायदा व्हायला १९७८ उजाडावे लागले. १९६५ मध्ये इझलेटा गावाच्या गव्हर्नरने, म्हणजे गावप्रमुखाने, गावच्या कॅथलिक धर्मगुरूला बेड्या घालून गावाबाहेर काढले, कारण तो वर्षानुवर्षे जुन्या विधींवर तुटून पडत होता. घालवला तो धर्मगुरू; चर्च गावाने ठेवले. दे वार्गासच्या प्रवेशाचा सोहळा सांता फेत दरवर्षी नाट्यरूपात होई. तो प्वेब्लोंच्या निषेधानंतर २०१८ मध्ये बंद झाला. आणि ज्या पोपेने बाप्तिस्मा धुवायला लावला, त्याचा संगमरवरी पुतळा २००५ पासून न्यू मेक्सिकोच्या वतीने अमेरिकेच्या संसदभवनात आहे. तो हेमेस या प्वेब्लो गावच्या क्लिफ फ्रॅग्वा यांनी घडवला. पोपेला मानणारी आणि नाताळाला मिस्सेला जाणारी माणसे एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात आहेत. त्यांना यात विसंगती वाटत नाही. बाहेरच्यांना वाटली, तर ती आपल्या धर्मकल्पनेची अडचण आहे: माणसाने एकच देव, एकच ग्रंथ आणि एकच दार निवडावे, असे आपण धरून चालतो.

मातीच्या या देखाव्यात काय नसते, हेही पाहण्यासारखे आहे. शाल, पाळणा, ढोल, पाव, कणीस हे सगळे चौकात दिसणारे. पावसाचे दूत मानलेले मुखवटाधारी कत्सिना सहसा त्यात येत नाहीत. रिओ ग्रांदेकाठच्या गावांनी कीवातले ते जग अजून परक्या नजरेपासून जपून ठेवले आहे. जे वाटून घेता येते ते मातीत उतरवून जगाला दिले. जे देण्यासारखे नाही ते घरात ठेवले. ही मर्यादा कुठे आखायची हे ठरवण्याचा अधिकार १६८० मध्ये रक्त सांडून मागावा लागला होता.

अमेरिकेत राहणारे किंवा तिकडे जाणारे मराठी वाचक नाताळात न्यू मेक्सिकोत असतील, तर त्यांनी सांता फेची बाजारपेठ पाहून परतू नये. बरीच गावे नाताळाच्या नाचांना पाहुण्यांना येऊ देतात. जाण्याआधी त्या त्या गावाकडे विचारणा करावी. तिथे छायाचित्र काढायचे नाही, ध्वनिमुद्रण नाही, नाच संपल्यावर टाळ्या नाहीत. कारण ती प्रार्थना आहे. कीवाच्या शिडीजवळ जायचे नाही आणि विधींचा अर्थ विचारत बसायचे नाही. मूर्ती घ्यायची असेल तर घडवणाऱ्या हातांकडूनच घ्यावी, कोणत्या गावाची आणि कुणी केली ते विचारून घ्यावे. मूळ रहिवाशांच्या नावाने परका माल विकणे १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी साच्यातल्या नकला दुकानांत मिळतात. हाताने वळलेल्या, गोवरीवर भाजलेल्या मूर्तीला जास्त किंमत पडते. ती द्यावी.